धुळीची नोंद : शेजाऱ्याची आणि आपलीही

(संस्थेच्या वर्धापनदिनाच्या सभेत वैद्यकीय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभरात किती रुग्ण तपासले गेले, किती शस्त्रक्रिया झाल्या, कोणती नवी यंत्रसामग्री आली, याचा आढावा या व्यासपीठावरून घेण्याची आपली प्रथा आहे. ते सर्व आकडे अहवालाच्या पुढील पानांवर आपणास पाहावयास मिळतीलच. आज मात्र विश्वस्तांच्या अनुमतीने आम्ही अशा एका विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, जो कोणत्याही विभागाच्या तक्त्यात बसत नाही. तो विषय म्हणजे बांधकामाची धूळ व धूर, आणि त्यांची स्थानिक प्रशासनाकडे करावयाची नोंद. रुग्णालयाने औषधोपचार करावेत, शेजारच्या बांधकामाच्या भानगडीत कशासाठी पडावे, असे काहींना वाटेल. एके काळी आम्हांसही तसेच वाटत होते. ते मत का बदलले, हे सांगताना आमच्या दोन चुकाही आपणापुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

आपले रुग्णालय ज्या परिसरात उभे आहे, त्या गिरणगावाला हवेतील मळ नवा नाही. गिरण्यांच्या चिमण्यांचा धूर इतका वाढला होता की, त्यासाठी १९१२ मध्ये मुंबई इलाख्यात धूर-उपद्रवासंबंधी स्वतंत्र कायदा करावा लागला. सूतखात्यात आयुष्य घालविलेल्या कामगारांच्या फुप्फुसांत कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा विकार येथील जुन्या डॉक्टरांच्या परिचयाचा होता. पुढे गिरण्या बंद पडल्या, चिमण्या थंडावल्या आणि त्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहू लागले. चाळींचा व जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू झाला. दहा बाय बाराच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या काढलेल्या कुटुंबास स्वतःचे स्वच्छतागृह असलेले घर मिळावे, याला कोणाचाही विरोध असू नये. आमचा तर मुळीच नाही. मात्र जुनी भिंत पाडताना आणि नवी उभारताना जी धूळ उठते, ती कोणाच्या श्वासात जाते, हा प्रश्न रुग्णालयाने विचारावयाचा नाही तर कोणी?

गतवर्षीच्या हिवाळ्यात आमच्या बालरुग्ण कक्षासमोरील रस्त्यापलीकडची एक जुनी इमारत पाडावयास घेण्यात आली. मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात पाऊस हवा धुऊन काढतो आणि नैर्ऋत्येचा वारा उरलेली धूळ वाहून नेतो. पाऊस परतल्यावर ही दोन्ही साधने नाहीशी होतात. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड व जड होऊन जागीच साचते. वारा कधी समुद्राकडून जमिनीकडे, तर कधी जमिनीकडून समुद्राकडे वाहत असल्याने सकाळी बाहेर गेलेले कण दुपारी परतही येतात. नेमक्या या महिन्यांतच पाडकामाला वेग येतो. समोरच्या इमारतीस ना पत्र्याचा आडोसा होता, ना कापडाचे आच्छादन, ना पाण्याचा शिडकावा. कक्षाच्या खिडक्यांच्या कठड्यांवर सकाळी पुसल्यानंतर दुपारपर्यंत पांढुरका थर बसू लागला. खिडक्या बंद केल्या, तर कक्षातील हवा कोंदट होई. उघडल्या, तर दम्याच्या मुलांना ठसका लागे. एका माउलीने आपल्या बाळाच्या पाळण्यावर ओले पातळ पसरले होते. फेरीवर गेलेल्या आम्हां डॉक्टरांपुढे ते पातळ एखाद्या तक्रारअर्जासारखे लोंबत होते. परंतु तो अर्ज वाचण्यास आम्हांस काही दिवस लागले.

येथे थोडी शास्त्रीय माहिती देणे आवश्यक आहे. माणसाच्या केसाची जाडी साधारणतः पन्नास ते सत्तर मायक्रॉन असते. दहा मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकाच्या गाळणीतून निसटून श्वासमार्गात उतरतात. त्यांना पीएम १० म्हणतात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजेच पीएम २.५, फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. पाडकाम, खोदकाम व मातीची वाहतूक यांतून मुख्यत्वे मोठ्या आकाराचे कण उडतात. तर डिझेलवरील जनित्रे, खोदयंत्रे व डंपर यांच्या धुरात अतिसूक्ष्म कण असतात. आपल्या देशात २००९ साली ठरलेल्या मानकांनुसार चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा पीएम १० साठी घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम, तर पीएम २.५ साठी ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेल्या मर्यादा अनुक्रमे ४५ व १५ आहेत. काँक्रीट, ग्रॅनाइट वा फरशी कोरडी कापली की स्फटिकरूप सिलिकाची बारीक पूड उडते. या पुडीमुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही, आणि सिलिकोसिस झालेल्या माणसास क्षयरोगाचा धोकाही वाढतो. सिलिकाच्या या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये, तर डिझेलच्या धुरास २०१२ मध्ये कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात स्थान दिले आहे.

हे सर्व आम्हांस ठाऊक होते. तरीही आम्ही ताबडतोब तक्रार केली नाही. त्याचे कारण सांगताना संकोच वाटतो. परंतु ते दडवून ठेवणे अधिक लाजिरवाणे ठरेल. समोरच्या कामाशी संबंधित असलेले एक कुटुंब आपल्या संस्थेच्या देणगीदारांपैकी आहे. त्यांच्या कामाविरुद्ध अर्ज केला तर त्यांचे मन दुखावेल, अशी भीती आम्हांस वाटली. आम्ही प्रथम तोंडी निरोप धाडला. कंत्राटदाराच्या माणसाने मान डोलावली आणि काम पूर्वीप्रमाणेच चालू राहिले. त्यानंतरही आम्ही गप्पच राहिलो. ही आमची पहिली चूक. ज्या दात्याने रुग्णांसाठी धन दिले, त्याच्या नावाखाली रुग्णांच्या श्वासाशी तडजोड करणे हा त्या दानाचाच अवमान होता, हे आमच्या उशिरा ध्यानी आले.

आमच्या आधी ते बालरुग्ण कक्षाच्या प्रमुख परिचारिकेस उमगले होते. कोणी सांगितले नसताना तिने एका साध्या वहीत नोंदी ठेवावयास सुरुवात केली होती. तारीख, वेळ, समोर काय चालले आहे, पाणी मारले जात आहे की नाही, राडारोडा भरलेली गाडी झाकलेली होती की उघडी, आणि त्या वेळी कक्षाच्या कोणत्या खिडक्या बंद कराव्या लागल्या, एवढेच ती लिहीत असे. विशेषण एकही नव्हते. रुग्णाचा ताप जसा तक्त्यावर टिपावा, तशी ती धूळ टिपीत होती. ती वही तिने आमच्या टेबलावर ठेवली तेव्हा आमच्यापाशी गप्प राहण्यास निमित्त उरले नाही.

तरीही पहिला अर्ज आम्ही ती वही बाजूस ठेवूनच लिहिला. संस्थेच्या शीर्षपत्रावर, मोठ्या आवेशाने, ‘या बांधकामामुळे आमचे रुग्ण आजारी पडत असून काम तत्काळ बंद करावे’ असे आम्ही महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयास कळविले. तेथील अधिकाऱ्याने सौजन्याने दोन प्रश्न विचारले. कोणता रुग्ण याच धुळीने आजारी पडला, हे आपण सिद्ध करू शकाल काय? आणि कोणत्या नियमाचा भंग झाला आहे? पहिल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच होते. दमा उसळण्यास विषाणू, थंडी, घरातील धूर, रस्त्यावरील वाहने अशी अनेक कारणे असतात. एका मुलाचा दमा एका इमारतीच्या माथी मारणे वैद्यकशास्त्रास मान्य होणारे नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही शोधलेच नव्हते.

येथून आम्ही जो धडा शिकलो, तो आज आपणांपैकी प्रत्येकास सांगावयाचा आहे. धुळीची तक्रार करणाऱ्याने आजार सिद्ध करण्याची गरज नसते. जे डोळ्यांना दिसते ते आणि जे नियमात लिहिले आहे ते, या दोहोंतील अंतर दाखविणे पुरेसे असते.

नियम आहेत, आणि ते पुरेसे स्पष्टही आहेत. केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने २५ जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेद्वारे, ज्या शहरांत धूलिकणांचे प्रमाण मर्यादेबाहेर आहे तेथील बांधकाम व पाडकामांसाठी धूळनियंत्रणाचे उपाय बंधनकारक केले. माती, वाळू वा राडारोडा उघडा ठेवू नये. फरशी वा दगड उघड्यावर कापू नये. साहित्य रस्त्याच्या कडेला साठवू नये. उघड्या गाडीतून वाहतूक करू नये. पाणी फवारण्याची व्यवस्था असावी. वारा अडविणारा आडोसा इमारतीच्या उंचीच्या एक-तृतीयांश आणि कमाल १० मीटर असावा. आणि हे सर्व उपाय लोकांना वाचता येतील असे फलकावर लावावेत, असे त्यात सांगितले आहे. फलकाची ही अट सामान्य नागरिकाच्या विशेष उपयोगाची आहे. कारण फलक आहे की नाही, हे पाहण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा फार खालावली. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. बृहन्मुंबई महानगरपालिकेने २५ ऑक्टोबर २०२३ रोजी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. एक एकराहून मोठ्या भूखंडाभोवती किमान ३५ फूट, तर त्याहून लहान भूखंडाभोवती २५ फूट उंचीचे पत्रे, बांधकामास सर्व बाजूंनी हिरवे कापड, ताग वा ताडपत्रीचे आच्छादन, पाडकाम चालू असताना सतत पाण्याची फवारणी, बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाके धुण्याची सोय, हवा मोजणारी संवेदक उपकरणे आणि कामगारांना मुखपट्टी व चष्मा, असा त्यांचा गाभा होता. तपासणीसाठी विभागवार पथकेही नेमण्यात आली. ३० डिसेंबर २०२४ रोजी तर भायखळा व बोरिवली पूर्व या भागांतील हवेचा निर्देशांक २०० च्या वर राहिल्याने तेथील सर्व बांधकामे थांबविण्याची घोषणा महानगरपालिकेस करावी लागली. या सूचनांत वेळोवेळी भर पडत असते. म्हणून तक्रारीपूर्वी त्यांची ताजी प्रत पाहून घेणे इष्ट.

दुसरा अर्ज आम्ही परिचारिकेच्या वहीवरून लिहिला. एका स्तंभात नियम, दुसऱ्यात दिसलेली वस्तुस्थिती, तिसऱ्यात तारीख व वेळ, सोबत आमच्याच खिडकीतून घेतलेली छायाचित्रे. ‘काम बंद करावे’ हे वाक्य आम्ही वगळले आणि त्याऐवजी ‘नियमानुसार काम व्हावे’ असे लिहिले. अर्जाची एक प्रत विकासकास, एक आपल्या विश्वस्तांस आणि एक त्या देणगीदार कुटुंबास स्वतः नेऊन दिली. विभाग कार्यालयातून आवक क्रमांक व पोचपावती घेतली. पथक आले, स्थळपाहणी झाली, नोटीस निघाली. त्यानंतर आच्छादन चढले, नळ्या आल्या, पाणी सुरू झाले आणि फरशीचे कापकाम बंदिस्त शेडमध्ये गेले. सर्व काही एका अर्जाने सुधारले असे मात्र नव्हे. रात्री उघड्या गाड्या निघणे चालूच राहिले. त्यासाठी रात्रपाळीच्या रखवालदाराने वही पुढे चालविली आणि आम्हांस दोन स्मरणपत्रे द्यावी लागली. देणगीदार कुटुंबाचे म्हणाल, तर त्यातील ज्येष्ठ गृहस्थ आमचा कागद वाचून एवढेच म्हणाले, “हे पहिल्याच दिवशी सांगावयास हवे होते.” आमच्या भीतीने त्यांच्यावर अन्यायच केला होता.

आपणांपैकी अनेकांच्या घरासमोर अशी कामे चालू असतील. कोणाकडे जावे, हे ठाऊक नसल्यानेच बहुतेक तक्रारी मनातल्या मनात राहतात. बांधकाम, पाडकाम व रस्त्यावरील राडारोडा यांसाठी मुंबईत विभाग कार्यालयाचे सहायक आयुक्त हे पहिले द्वार होय. महानगरपालिकेच्या १९१६ या दूरध्वनी क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते. तयार काँक्रीटचे प्रकल्प अथवा उद्योगांचा धूर असेल, तर १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्याखाली अधिकार असलेल्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लिहावे. काळा धूर सोडणाऱ्या वाहनासाठी प्रादेशिक परिवहन कार्यालय व वाहतूक पोलीस आहेत. तक्रार कोठेही केली तरी तिचा क्रमांक लिहून ठेवावा. योग्य मुदतीत उत्तर न आल्यास, त्या तक्रारीवर काय कारवाई झाली, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारता येते. स्वच्छ हवा व पाणी हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या अधिकाराचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये, सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सांगितले आहे. तेव्हा अर्ज करणारा नागरिक कोणाकडे कृपा मागत नसतो, ही जाणीव असू द्यावी. आणि भाषा मात्र सौम्य असू द्यावी.

आता आमची दुसरी चूक. समोरच्या कामाची नोटीस निघून फार दिवस लोटले नव्हते, तोच विभाग कार्यालयातून एक पत्र आमच्याच नावे आले. आपल्या बाह्यरुग्ण विभागाच्या नूतनीकरणाचे काम त्या वेळी चालू होते. एका रुग्णाच्या मुलाने तक्रार केली होती की, रुग्णालयाच्या मागील मार्गिकेत फरश्या कोरड्या कापल्या जातात, पूड उघड्यावर पडते आणि तेथूनच रुग्णांच्या चाकाच्या खुर्च्या नेल्या जातात. पत्र वाचून आमच्यापैकी काहींना राग आला. ‘ज्यांच्या पित्यावर आपण उपचार केले, त्यांनीच आपल्याविरुद्ध तक्रार करावी?’ असा उद्गारही निघाला. मग आम्ही सर्वजण मागील मार्गिकेत गेलो. तक्रारीतील अक्षर न् अक्षर खरे होते.

रुग्णालयातील बांधकामाची धूळ इतर धुळीहून अधिक घातक ठरू शकते. जुन्या भिंती, छत व माती हलविली की अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजकण हवेत मिसळतात. त्यांचा आकार दोन ते तीन मायक्रॉन असतो. निरोगी माणूस ते रोज श्वासावाटे घेतो आणि त्यास काही होत नाही. परंतु कर्करोगावरील औषधोपचार चालू असलेल्या, अवयवरोपण झालेल्या वा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाच्या फुप्फुसात ही बुरशी प्राणघातक संसर्ग करू शकते. म्हणूनच रुग्णालयात बांधकाम काढण्यापूर्वी संसर्गाच्या धोक्याचे मूल्यमापन करावे, कामाची जागा छतापर्यंत आडोसा घालून बंद करावी, आणि तेथील हवा रुग्णकक्षाकडे वळणार नाही असे पाहावे, असा दंडक आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतही तो आहे. आमच्या ग्रंथालयात ती मार्गदर्शिका होती. दुसऱ्याच्या धुळीचा स्तंभवार हिशेब मांडणारे आम्ही आपल्या मागच्या दारी काय चालले आहे, हे पाहण्यास विसरलो होतो.

सुदैवाने आमच्या कोणत्याही रुग्णास असा संसर्ग झाल्याचे आढळले नाही. परंतु सुदैव ही काही उपाययोजना नव्हे. त्या दिवशी आम्ही काम थांबविले. कामाची जागा जमिनीपासून छतापर्यंत बंदिस्त केली, दारातील फटी बुजविल्या, कापकाम पाण्याखाली व आवाराच्या दूरच्या कोपऱ्यात नेले, राडारोडा झाकलेल्या गाडीतून ठरलेल्या वेळीच बाहेर काढला आणि रुग्णांची ये-जा दुसऱ्या मार्गाने वळविली. दर्शनी भागी फलक लावून त्यावर जबाबदार अधिकाऱ्याचा हुद्दा व तक्रार कोठे करावी, ते लिहिले. या सर्वांमुळे कामाचा खर्च व कालावधी दोन्ही वाढले. विश्वस्त मंडळाने तो वाढीव खर्च एका शब्दानेही न कुरकुरता मंजूर केला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. तक्रार करणाऱ्या त्या मुलास आम्ही लेखी उत्तर दिले, त्याचे आभार मानले आणि त्याच्या वडिलांच्या उपचारांत यत्किंचितही फरक पडणार नाही, हे स्वतः भेटून सांगितले. ते सांगण्याची वेळ यावी, यातच आपल्या रुग्णालयात नातेवाईकांना किती भीत भीत वावरावे लागते, हे आम्हांस कळून चुकले.

या प्रसंगात आणखी एक व्यक्ती आहे, जिचा उल्लेख कोणत्याही अर्जात नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखल्या जातात. त्यांपैकी एका खाटेवर त्या काळात एक बांधकाम मजूर दाखल होता. वर्षानुवर्षे फरशा कापण्याचे काम केलेला, खोकून खोकून दमलेला. आमच्या धुळीच्या चर्चा त्याच्या कानी गेल्या असाव्यात. फेरीच्या वेळी त्याने विचारले, “साहेब, काम बंद झालं की आमचा रोज बुडतो. त्यापेक्षा पाणी मारून काम चालू ठेवायला सांगता येत नाही का?”

आम्ही निरुत्तर झालो. धुळीच्या सर्वांत जवळ त्याचेच नाक असते. आम्ही रस्त्यापलीकडून खिडकी लावून घेऊ शकतो. त्यास ती सोय नाही. आणि कडक कारवाई झाली की पहिली चूल त्याचीच विझते. म्हणून यापुढील प्रत्येक अर्जात आम्ही दोन वाक्ये कटाक्षाने घालतो : कामगारांना मुखपट्टी व ओल्या कापकामाची साधने द्यावीत, आणि काम शक्यतो बंद न पाडता दुरुस्त करून घ्यावे. ज्या तक्रारीत मजुराचा विचार नाही, ती तक्रार अर्धवट आहे, असे आमचे आता मत झाले आहे.

या अनुभवातून आम्ही काही निश्चय केले असून ते या अहवालाद्वारे आपणापुढे नोंदवीत आहोत. रुग्णालयात ‘धूळवही’ कायमस्वरूपी ठेवली जाईल. तिच्या डाव्या पानावर परिसरातील कामांच्या व उजव्या पानावर आपल्या स्वतःच्या कामांच्या नोंदी असतील. ती कोणाही नातेवाइकास पाहावयास मिळेल. रुग्णालयाच्या कोणत्याही दुरुस्तीस संसर्ग नियंत्रण समितीच्या लेखी संमतीशिवाय प्रारंभ होणार नाही. आणि नियमभंग करणारा कोण आहे, तो देणगीदार आहे की नाही, हे पाहून नोंद लिहिली वा खोडली जाणार नाही.

देणगीदारांपैकी जे बांधकाम व्यवसायात आहेत, त्यांना आमची हात जोडून विनंती आहे. आपण दिलेल्या धनातून येथे खाटा, यंत्रे व औषधे येतात, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. परंतु आपल्या कामावरील दोन ताडपत्र्या आणि पाण्याची एक नळी यांमुळेही एखादी खाट रिकामी राहू शकेल. ते दान कोणत्याही पावतीपुस्तकात दिसणार नाही. तरीही आम्ही ते इतर देणग्यांइतकेच मोलाचे मानू. रुग्णांच्या नातेवाइकांना विनंती अशी की, आमच्या आवारात काही वावगे दिसले तर ते निर्भयपणे लिहून द्यावे. आमच्याकडे लिहून भागले नाही, तर प्रशासनाकडे लिहावे. उपचार व तक्रार यांचा परस्परांशी काहीही संबंध राहणार नाही, हे आमचे वचन आहे.

समोरची इमारत आता वर चढू लागली आहे. तिच्या सावलीत काही दिवसांनी नवी कुटुंबे राहावयास येतील, त्यांची मुले कदाचित आमच्याच बालरुग्ण कक्षात लस घेण्यास येतील. ती आमची शेजारी होणार आहेत. त्यांच्या घराचा पाया घालताना आपण भांडलो नाही, पण गप्पही बसलो नाही, एवढे समाधान आज आमच्यापाशी आहे. ज्या परिचारिकेच्या वहीपासून हे सारे सुरू झाले, तिने आपले नाव या भाषणात घेऊ नये असे सांगितले आहे. तिच्या इच्छेचा मान राखून तिचे मनःपूर्वक आभार मानतो.